बंदीचा दिवस

धाकटा रविवारी कागद घेऊन येणार हे शुक्रवारीच कळलं होतं, त्यामुळे थोरलीला रागवायला पुरे दोन दिवस मिळाले आणि तिने ते वाया घालवले नाहीत. शनिवारी तिने खेळपट्टीवर इतका वेळ रोलर फिरवला की शेवटी काका कुंपणापासून ओरडले, "अगं, आता पुरे कर. उद्या त्या पोरांचा चेंडू घोट्याच्या वर यायचा नाही." काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांची सारी नोकरी त्या रोलरमागे गेली होती, आणि निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तो दुसऱ्याच्या हातात पाहिला की त्यांना राहवत नसे.

मैदान या घराण्याकडे चार पिढ्या होतं. मालकीचं नव्हे. मालकी विद्यापीठाची, आणि विद्यापीठ इतकं जुनं की शहर त्याच्याभोवती नंतर वाढलं. पण गवत कापणं, पाणी मारणं, फक्कीच्या रेषा ओढणं, सरावाच्या जाळ्या विणणं हे पणजोबांपासून याच घरातल्या हातांनी केलं. बाबांनी चौतीस वर्षं प्रमुख म्हणून केलं. गेली चौदा वर्षं थोरली करत होती. धाकट्याने मात्र कोपऱ्यातल्या त्याच दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये अभ्यास केला आणि विद्यापीठाच्या मालमत्ता विभागात अधिकारी झाला. घराण्यातला पहिलाच माणूस ज्याच्या नखांत माती नसे, याचं बाबांना कोण कौतुक.

आता तोच मालमत्ता विभाग मैदानावर आठ मजली संकुल बांधायला निघाला होता.

शहरातल्या लोकांनी त्याविरुद्ध दावा लावला होता आणि सोमवारी सुनावणी होती. लोकांचं म्हणणं साधं होतं: आम्ही पिढ्यानपिढ्या मागच्या फाटकातून मैदानात येतो, खेळतो, पलीकडे दवाखान्याच्या रस्त्याला जातो, आम्हाला कधी कुणी अडवलं नाही, म्हणून हा आमचा हक्क. कायदाही तसाच होता. सलग तीस वर्षं कुणी अडवलं नसेल तर हक्क तयार होतो, आणि एकदा तयार झाला की नंतर कितीही टाळी ठोका, तो जात नाही. विद्यापीठाला हे दोनशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. म्हणून तर वर्षातून एक दिवस, लांब सुट्टी लागल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, मैदान बंद ठेवायचं असा नियम होता. एक दिवस अडवलं की झालं. बाकीचे दिवस लोक येतात ते आमच्या मेहेरबानीने, असं म्हणायला विद्यापीठ मोकळं.

घरात त्याला बंदीचा दिवस म्हणत. बाबा त्या दिवशी इस्त्रीचा गणवेश घालत, पहाटे दोन्ही फाटकांना स्वतः टाळं लावत आणि पुढच्या फाटकाशी संध्याकाळपर्यंत उभे राहत. शेजारी थोरली उभी राही, सहाव्या वर्षापासून, पाय दुखले तरी न बोलता. मागच्या फाटकाशी आई असे. मध्ये पॅव्हेलियन आडवं होतं, त्यामुळे दोन फाटकं एकमेकांना दिसत नसत. दिवे लागायच्या आधी बाबा पुन्हा फेरी मारत, दोन्ही टाळी हाताने ओढून बघत, आणि मगच जेवत. चौतीस वर्षांत एक बंदी चुकली नाही, हे वाक्य ते वर्षातून दहा वेळा तरी म्हणत.

नेमकं हेच वाक्य धाकट्याला शपथेवर हवं होतं.

तो आला बायकोला घेऊन, साडेनऊला. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत सगळे कसेबसे मावले. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत, काका पलंगाच्या कडेला, भावजय दाराशी. आई भिंतीला टेकून फाटलेली जाळी विणत बसली होती. तिला कुणी बैठकीला बोलावलं नव्हतं आणि बस म्हणूनही कुणी सांगितलं नव्हतं. ती आपल्याच घरात आपलं काम करत होती इतकंच. बाहेर पोरांचा सामना चालला होता.

धाकट्याने प्रतिज्ञापत्रं टेबलावर नीट रचली. भावजय न्यायालयात टंकलेखनाचं काम करायची, तिनेच ती टाइप केली होती. एक बाबांचं, एक काकांचं, एक थोरलीचं. स्वतःचं त्याने शुक्रवारीच करून दिलं होतं, त्याची प्रत सोबत होती. मग त्याने कार्यालयात वापरायच्या आवाजात सगळं समजावलं. संकुल होणारच आहे. प्रश्न एवढाच, की आपण कुठे उभे राहणार. विद्यापीठ लिहून द्यायला तयार आहे की आई-बाबा आहेत तोवर क्वार्टर त्यांच्याकडे राहील. शिवाय नव्या इमारतीच्या दारात बाबांच्या नावाची पाटी लागेल. आणि दावा हरलो तर विद्यापीठ या मैदानाकडे ढुंकून बघणार नाही, क्वार्टर पहिलं रिकामं करून घेईल.

"म्हणजे मैदान गाडायचं आणि वर बाबांच्या नावाचा दगड लावायचा," थोरली म्हणाली. "इतकं सरळ सांग की."

"ताई, खोटं काही लिहिलेलं नाही. बाबांनी दरवर्षी बंद ठेवलं की नाही? मग तेवढंच सांगायचंय."

इथेच तर थोरलीचं घोडं अडलं होतं. दोन दिवस ती रागाने पेटली होती, पण रागाला धरायला जागा सापडत नव्हती. खोटं असतं तर ते कागद तिने त्याच्या तोंडावर फेकले असते. खरं होतं, म्हणून ती नुसतीच जळत होती. तिने बाबांना विनवून पाहिलं होतं, की सही करू नका, तब्येत बरी नाही म्हणा, आठवत नाही म्हणा. बाबा तिच्यावरच उखडले होते. मैदान त्यांनाही हवं होतं. शुक्रवारपासून ते जेवले नव्हते धड. पण विचारलं तर खरं सांगायचं, आणि आठवत नाही असं म्हणणं म्हणजे आपण चौतीस वर्षं झोपा काढल्या असं म्हणणं.

काका धाकट्याच्या बाजूने होते. त्यांची खोली पॅव्हेलियनच्या मागे होती आणि क्वार्टर गेलं की तीही जाणार होती. ते म्हणाले, गवताचं काय एवढं, गवत कुठेही उगवतं. ज्या माणसाने त्या गवतावर आयुष्यभर रोलर ओढला त्याच्या तोंडून हे ऐकून थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्यांना सांगितलं की मग तुम्ही आजवर इथे काय गाढवासारखे राबलात. काकांनी सांगितलं की होय, गाढवासारखाच राबलो, आता म्हातारपणी छप्पर हवंय. भावजयने मध्ये पडून पाणी आणलं. ते कुणी प्यालं नाही.

"दे इकडे," बाबा म्हणाले. "कुठे सही करायची?"

"थांबा," थोरली म्हणाली. "सही करायच्या आधी वाचून दाखवते. काय लिहिलंय ते तरी ऐका."

खरं तर तिला फक्त वेळ काढायचा होता. बाबांचं प्रतिज्ञापत्र तिने मुद्दाम सावकाश, स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतील असं वाचलं. मग काकांचं. मग आपलं. आता काही उरलं नाही म्हणून तिने धाकट्याच्या कागदाची प्रत उचलली. तो म्हणाला, ते वाचायची गरज नाही, ते झालंय. म्हणून ती वाचू लागली.

"माझे बालपण या मैदानावर गेले. बंदीच्या दिवशी मागचे फाटक दिवसभर बंद असे व कोणालाही आत सोडले जात नसे, हे मी स्वतः तेथे उपस्थित राहून पाहिले आहे."

आईचे हात थांबले.

"कुठे पाहिलंस रे तू?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं असावं.

धाकट्याने पेन बाबांपुढे सरकवलं.

"आई, म्हणजे काय?" थोरलीने विचारलं.

"काही नाही," धाकटा म्हणाला. "आईला आता नीट आठवत नाही. बाबा, सही करा, मला अकराला वकिलाकडे पोहोचायचंय."

हे त्याने म्हणायला नको होतं. आईने जाळी बाजूला ठेवली. ती अशी बाई, की तिला मूर्ख म्हटलेलं चाले, आळशी म्हटलेलं चाले, पण आठवणीला नाव ठेवलेलं चालत नसे. घरातल्या प्रत्येकाला कुठल्या वर्षी कुठला ताप आला हे ती सांगू शके.

"मला आठवत नाही?" ती म्हणाली. "तू पाच वर्षांचा होतास. माझ्याबरोबर मागच्या फाटकाशी बसायचास. पुढच्या फाटकाशी बाबा असायचे, म्हणून लोक आले की तूच धावत पुढे जायचास आणि त्यांना घरातून पलीकडे न्यायचास. मैदानाच्या दाराने आत, दुसऱ्या दाराने दवाखान्याच्या रस्त्यावर. 'पायपुसणं बघा, पायपुसणं बघा,' म्हणायचास. बायका हसायच्या तुला."

सगळ्यांनी न ठरवता दोन्ही दारांकडे पाहिलं. एक मैदानावर उघडत होतं, दुसरं दवाखान्याच्या रस्त्यावर, आणि दोन्हींच्या मध्ये ती सगळी बसली होती.

"टाळं होतं," बाबा म्हणाले. "मी स्वतः लावत होतो. संध्याकाळी ओढून बघत होतो."

"तुम्ही पहाटे लावायचात, मी तुमची पाठ वळली की काढायचे. फेरीच्या आधी परत लावायचे. दुसरी किल्ली आपल्याच खिळ्याला होती."

"कोणत्या वर्षी?"

"सगळ्या."

बाबांना ते समजायला वेळ लागला. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे किती वर्षं. आई म्हणाली, तुम्ही प्रमुख झालात त्या वर्षापासून निवृत्त झालात त्या वर्षापर्यंत, चौतीस. एक बंदी चुकली नाही. हे शेवटचं तिने टोमणा म्हणून म्हटलं की सवयीने, हे तिचं तिलाच माहीत. बाबांचा चेहरा मात्र कुणी थोबाडीत मारावी तसा झाला. चौतीस वर्षं ते कडक गणवेशात पुढच्या फाटकाशी पहारा देत उभे होते, आणि मागे अर्धं शहर त्यांच्या स्वतःच्या घरातून, त्यांच्या पलंगाला वळसा घालून, आरामात ये-जा करत होतं.

काका हसले. त्यांना आवरलं नाही. मग भावाकडे बघून त्यांनी तोंडावर हात धरला, पण उशीर झाला होता.

बाबा काकांवर चिडले नाहीत. ते धाकट्याकडे वळले. "तुला माहीत होतं."

"मी लहान होतो, बाबा."

"शुक्रवारी लहान होतास?"

मग मात्र धाकट्याचाही तोल गेला. इतका वेळ सांभाळलेला कार्यालयातला आवाज सुटला. त्याने सुनावलं की होय, माहीत होतं, आणि म्हणूनच तो सगळं निस्तरत होता. आईने केलेलं बाहेर आलं असतं तर विद्यापीठाने काय केलं असतं? ज्यांना चार पिढ्या घर दिलं त्यांनीच फाटक उघडं सोडलं म्हणून सगळ्यांना हाकललं असतं. त्यालाही. त्याने शपथेवर लिहून दिलंय. आई उद्या काही बोलली तर तो खोटा साक्षीदार ठरतो, नोकरी तर जातेच. "आणि ताईला कळू दिलं असतं तर तिने गावभर केलं असतं," तो म्हणाला. "या घरात मैदानाचं दुखतं सगळ्यांना. माझं कुणाला दुखतंय?"

त्यात खरं होतं, आणि थोरलीला ते जाणवलंही. पण त्याच्यावर चिडायला तिच्याकडे आत्ता राग शिल्लक नव्हता. तो सगळा आईकडे वळला होता.

कारण बाबांनंतर चौदा वर्षं मागच्या फाटकाशी ती स्वतः उभी राहिली होती. आई आता थकली म्हणून ते काम तिने आपल्याकडे घेतलं होतं, मोठ्या अभिमानाने. तिने टाळं लावलं ते लावलं. तिसऱ्या वर्षी एक बाई आली होती, गरोदर मुलीला धरून, मुलगी वाकून चालत होती. थोरलीने नियम सांगितला आणि लांबच्या रस्त्याने जायला लावलं. अर्ध्या तासाचा वळसा. ती बाई एक शब्द बोलली नव्हती, नुसती क्वार्टरच्या खिडकीकडे बघत राहिली होती. त्यानंतर दोन दिवस आई थोरलीशी बोलली नाही. थोरलीला वाटलं होतं, कपडे वाळत घालायचे राहिले म्हणून.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. आवाज फुटत होता आणि त्याचाही तिला राग येत होता. "याला पाच वर्षांचा असताना माहीत. मागच्या गल्लीतल्या बायांना माहीत. मी चौदा वर्षं लोकांना परत पाठवलं, आई. तू खिडकीतून बघत होतीस. हक्क आधीच झाला होता, मी उगाच, काहीही कारण नसताना लोकांना हाकलत होते, आणि तू बघत होतीस."

"तुला कसं सांगणार?" आई म्हणाली. "तू त्यांची होतीस."

सहाव्या वर्षापासून थोरली बाबांच्या शेजारी उभी होती. कुणी तिला तिथे उभं केलं नव्हतं.

भावजय दाराशी उभी होती ती आत आली आणि थोरलीशेजारी बसली. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण या खोलीत ती नवऱ्याच्या बाजूला बसली नाही अशी ही पहिली वेळ. तिने टेबलावरून नवऱ्याची प्रत उचलली, पुन्हा एकदा वाचली आणि त्याला विचारलं, "हे माझ्याकडून टाइप करून घेतलंस?" तो म्हणाला की आता तू सुरू करू नकोस. ती म्हणाली की उद्या सुनावणीआधी हे मागे घ्यायचं, कसं घ्यायचं ते ती सांगेल, रोज बघते ती अशी प्रकरणं. स्वतःहून मागे घेतलेल्याला न्यायालय इतकं झोडत नाही. आणि नाही घेतलं तर तिचं ती बघेल. धाकटा खुर्चीतून उठला, दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. कुठल्या दाराने बाहेर पडावं हे त्याला कळत नसावं.

एवढा वेळ बाबा आईकडे बघत होते.

"एकदा मला विचारायचं होतंस," ते म्हणाले.

"विचारलं होतं. पहिल्याच वर्षी, आदल्या दिवशी. म्हटलं, माझी आई मागच्या फाटकाबाहेरच्या गल्लीत राहते, आजारी असते, माझ्या ओळखीच्या बायका कामाला जातात, त्यांच्या तोंडावर मी कसं बंद करू? तुम्ही बूट पुसत होतात. वर न बघता म्हणालात, नियम तुझ्या माहेराला विचारून केलेला नाही." तिने जाळी पुन्हा मांडीवर घेतली. "मग मीही तुम्हाला विचारलं नाही."

बाबांनी टेबलावर हात आपटला. त्यांनी आईला सांगितलं की तिने त्यांचं नाक कापलं, त्यांच्या बापाचं आणि आजोबांचंही कापलं. गावातल्या प्रत्येक माणसाने त्यांना नमस्कार करताना मनातून हसून घेतलं असेल. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकही शब्द खोडला नाही. माफ करा असंही म्हटलं नाही.

धाकट्याला यात आशा दिसली असावी. तो दारातूनच म्हणाला, "बाबा, तुम्ही टाळं लावलं हे तर खरंच आहे. तुम्ही तुमच्यापुरती सही करा. मधलं तुम्हाला माहीतच नव्हतं."

"आता माहीत आहे," बाबा म्हणाले. "हिने मला फसवलं. पण हिने मला खोटं बोलायला उभं नव्हतं केलं. ते तू करत होतास." मग थोरलीकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. "माझा चष्मा."

त्यांनी छापलेलं प्रतिज्ञापत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. अक्षर मोठं, वाकडं, आणि पेन इतकं दाबलेलं की दोनदा कागद फाटला. धाकटा म्हणाला की असं हाताने खरडलेलं चालत नाही. भावजय म्हणाली, "मी टाइप करून देते. तुम्ही लिहा, बाबा." काका पलंगावरून उठले आणि त्यांनी आपलं प्रतिज्ञापत्र चार घड्या घालून खिशात ठेवलं. सही न करता. ते कुणाच्या बाजूने गेले हे ते बोलले नाहीत, पण खोलीबद्दलही पुन्हा बोलले नाहीत.

लिहून झाल्यावर बाबांनी कागद थोरलीकडे सरकवला. "वाच. मोठ्याने."

तिने वाचलं. "पुढचे फाटक मी स्वतः बंद ठेवत होतो. मागचे फाटक बंद होते अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती. त्या फाटकाबद्दल मला काही विचारू नये. माझ्या पत्नीला विचारावे."

"शेवटचं पुन्हा वाच," आई म्हणाली.

"माझ्या पत्नीला विचारावे."

आईने बाबांकडे पाहिलं. थोरलीला वाटलं, आता हिचे डोळे भरतील. तसं काही झालं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं जपलेला राग एका ओळीने जात नाही, आणि तो घालवायची तिची तयारीही दिसत नव्हती.

"हे तेव्हा म्हणाला असतात," ती म्हणाली, "माझ्या बायकोला विचारतो म्हणून, तर मला चौतीस वर्षं चोरासारखं वागावं लागलं नसतं."

बाबांनी पेनाला टोपण लावलं.

"आता विचारतोय ना," ते तितक्याच रागाने म्हणाले. "उद्या ये आणि सांग."